बघू की गुरुवारी

सुवार्ताबाई रणपिसे यांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द कधी कुणी ऐकला नाही. नकार त्या भरपूर द्यायच्या, पण त्या शब्दानं नव्हे. एसटीच्या डेपोत त्यांनी उभी नोकरी ड्युट्या लावण्यात घालवली. कोणता कंडक्टर कोणत्या गाडीवर, मुक्कामाची गाडी कुणाला, जवळची फेरी कुणाला, हे सगळं बाईंच्या हातात. सकाळी खिडकीशी गर्दी व्हायची. कुणाच्या मेव्हण्याचं लग्न, कुणाची बायको माहेराहून यायची, कुणाचा दात दुखायचा. बाईंचं सगळ्यांना एकच उत्तर असायचं, ‘‘बघू.’’ त्यातला ‘घू’ जरा लांबला की समजायचं, सुट्टी गेली. जुने कंडक्टर नव्यांना बजावून ठेवायचे, बाई बघू म्हणाल्या ना, मग गुपचूप तिकिटांची पेटी उचल आणि गाडीवर जा. भांडण नाही, तंटा नाही, कुणाचं मन मोडलं नाही. निदान बाईंची तशी समजूत होती, आणि निरोप समारंभात साहेबांनी भाषणात तसं म्हटल्यावर ती पक्की झाली.

निवृत्तीनंतर चर्चनं त्यांना ताब्यात घेतलं की त्यांनी चर्चला, याबद्दल शरणपूर रोडवरच्या मंडळीत आजही दोन मतं आहेत. नवरा गेलेला, मुलगा पुण्याला, घरात बोलायला कुणी नाही. हळूहळू उपासनेनंतरचा चहा कुणी करायचा, फुलं कुणी आणायची, नाताळच्या करंज्या कुणाच्या स्वयंपाकघरात तळायच्या, हे सगळं बाई ठरवू लागल्या. सगळ्या पाळ्या त्यांच्या डोक्यात असत. कुणाला काही विचारायचं असलं की लोक पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, वगळून थेट बाईंकडे जात. बाईंना ते आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

मग नवे पाळक आले, शांतवन नावाचे. वयानं कोवळे, अंगात उत्साह मावत नव्हता. कुठल्याशा शिबिरातून त्यांनी एक पुस्तिका आणली. मूळची परदेशातली. गोऱ्यांच्या चर्चमध्ये काळ्या माणसांना मागची बाकं का मिळायची, आणि कायदे बदलले तरी ती बाकं मागेच का राहिली, असा तिचा विषय. पाळकांनी स्वतः तिचं मराठी केलं, झेरॉक्स काढल्या आणि जाहीर केलं की दर गुरुवारी संध्याकाळी एकेका घरी जमून हे वाचायचं. कुणाचं घर कधी, हे अर्थातच बाईंकडे आलं.

पहिल्याच गुरुवारी विमलाबाईंनी चष्मा पुसत विचारलं, ‘‘हे आफ्रिका-अमेरिकेचं झालं. आपल्याला काय त्याचं?’’ विमलाबाई कॉलेज रोडच्या. मोठा फ्लॅट, मऊ सोफे आणि दुखरे गुडघे.

‘‘तिकडे रंग बघतात,’’ पाळक म्हणाले, ‘‘आपण आडनाव आणि गाव बघतो.’’

‘‘आपली मंडळी तशी नव्हे हं,’’ सुवार्ताबाई लगेच म्हणाल्या. आणि त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा महारवाड्यातले. गावच्या विहिरीवर चढायची बंदी. खाली ओंजळ धरून उभं राहायचं, वरून कुणी ओतलं तर प्यायचं, नाहीतर तसंच परत यायचं. ‘‘इतकं सोसून आमचे लोक प्रभूकडे आले. ज्यांनी एवढं सोसलं ते दुसऱ्याशी तसं वागतील का?’’

सगळ्यांनी माना डोलावल्या. पाळकांचेही डोळे भरून आले. गोष्ट शंभर टक्के खरी होती. पण खऱ्या गोष्टीच्या आड बसूनही माणूस वर्षानुवर्षं निवांत राहू शकतो, आणि बाई तशा राहिल्या होत्या.

कारण त्याच मंडळीत मागच्या बाकांवर काही कुटुंबं बसायची. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून कामाला शहरात उतरलेली डोंगरातली माणसं. मंडळी त्यांना सरसकट ‘पेठवाले’ म्हणायची, माणूस सुरगाण्याचा असला तरी. त्यांना मागे कुणी बसवलं नव्हतं. ‘त्यांना तिथंच बरं वाटतं’ असं सगळे म्हणायचे. त्यांना विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

त्या बाकांवरून उठून गुरुवारच्या वाचनाला आलेली एकटी मीना भोये. एका खासगी दवाखान्यात नर्स होती. बोलायची कमी, पण वाचन संपलं की न सांगता उठायची आणि यजमानांच्या स्वयंपाकघरात जाऊन कप विसळून पालथे घालून यायची. सुवार्ताबाईंचा तिच्यावर जीव होता. ‘‘पोरगी हाताची चपळ आहे,’’ त्या चारचौघांत म्हणायच्या. तिच्या आजारी शेजाऱ्याला डबा पाठवायच्या, नाताळला तिच्यासाठी साडी घ्यायच्या. यातलं काही खोटं नव्हतं, हे सांगायलाच हवं.

गुरुवारचं वाचन फिरत फिरत सगळ्या घरी झालं. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मीनाचं घर आलं नाही. तिनं आडून विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, ‘‘अगं, तुझी ड्युटी, त्यात घर पेठ रोडला, आरटीओच्याही पुढे. कशाला धावपळ करतेस?’’ विमलाबाई एकदा कुजबुजल्या होत्या, ‘‘तिच्याकडे ठेवू नका हं. त्यांच्यात काय काय खातात, आपल्याला माहीत नाही.’’ बाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. ‘‘असं बोलतात का? आपण काय वाचतोय?’’ विमलाबाई ओशाळल्या. पण पाळी लावताना बाईंनी मीनाचं घर सोडलंच. एकीला दटावलं, दुसरीची धावपळ वाचवली, दोघींचंही भलं केलं, अशा समाधानात त्या रात्री झोपल्या.

भात कापून झाल्यावर मीनाची आई कुसाबाई लेकीकडे राहायला आली. मीनानं आणि तिच्या नवऱ्यानं, मनोजनं, त्याच वर्षी दोन खोल्यांचं स्वतःचं घर केलं होतं. रविवारी उपासना संपल्यावर मीना आईला घेऊन बाईंसमोर उभी राहिली. कुसाबाई ठेंगणी, काटक, लुगडं नीट चोपून नेसलेली. तिनं दोन्ही हात जोडून मंडळीच्या रीतीनं ‘सलाम’ म्हटलं.

‘‘बाई,’’ मीना म्हणाली. एवढं सरळ तिनं आजवर काही मागितलं नव्हतं. ‘‘येत्या गुरुवारी आमच्याकडे ठेवाल का? आई आहे. घराची प्रार्थनापण होईल. मंडळीचे पाय लागावेत असं तिच्या मनात आहे.’’

येत्या गुरुवारी विमलाबाईंचं घर ठरलेलं होतं. ते बदलता आलं असतं. बाईंनी याहून अवघड बदल डेपोत उभ्या उभ्या केले होते. पण विमलाबाईंचं नाक मुरडणं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं, कुणीतरी ताटाला हात न लावता उठेल आणि मीनालाच वाईट वाटेल, असंही आलं. त्यांनी मीनाच्या पाठीवर हात ठेवला, कुसाबाईकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘बघू की गुरुवारी.’’

‘घू’ चांगला लांबला होता. मीनाला तो ऐकू आला. कुसाबाईला कसा येणार?

गुरुवारी विमलाबाईंकडे मीना आली नाही. ‘‘ड्युटी असेल,’’ बाई म्हणाल्या आणि वाचायला बसल्या. वाचन नेहमी त्याच करत, आवाज खणखणीत होता. त्या दिवसाचा भाग असा होता: अन्याय करायला वाईट माणूस लागतोच असं नाही. बाकं कशी मांडली, वेळ कुणी ठरवली, पाळी कुणाची लागते आणि कुणाची लागत नाही, एवढ्यावरही तो सुखेनैव चालू राहतो, आणि चालवणाऱ्यांना आपण चांगलेच वाटत राहतो. बाईंनी ते स्पष्ट उच्चारात वाचलं. मधे थांबून ‘सुखेनैव’मधली पाळकांची शुद्धलेखनाची चूक दाखवली. मग म्हणाल्या, ‘‘किती छान लिहिलंय!’’

तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. ‘मीना सिस्टर’. प्रार्थनेच्या वेळी फोन घ्यायचा नाही, हा नियम बाईंनीच घातला होता. त्यांनी फोन पालथा ठेवला. तो थोड्या वेळानं पुन्हा थरथरला. मग गप्प झाला.

घरी पोचल्यावर त्यांनी फोन केला. मीना म्हणाली, ‘‘काही नाही बाई. सहज केलेला.’’

‘‘आई बरी आहे ना?’’

‘‘आहे.’’

त्यानंतर मीना गुरुवारी आली नाही. रविवारी यायची, मागच्या बाकावर बसायची, आशीर्वाद होताच निघायची. बाईंनी तिला फराळाचा डबा पाठवला, नाताळात साडी दिली. तिनं दोन्ही घेतलं, ‘थँक्यू बाई’ म्हणाली. बाईंना चुकल्यासारखं वाटत राहिलं, पण कुठं चुकलं ते काही हाती लागेना.

ते मनोजनं सांगितलं. पंचवटीच्या भाजीबाजारात तो पिकअपमधून कोबीच्या गोण्या उतरवत होता. बाईंना बघून त्यानं हात झटकले, सलाम केला. बाई म्हणाल्या, ‘‘काय रे, मीनाची ड्युटी बदलली का? गुरुवारी येईनाशी झाली.’’

मनोज साधा माणूस. त्याला आडवळणानं सांगता येत नाही. ‘‘तसं नाय बाई. ते गुरुवारचं झालं ना.’’

‘‘कसलं गुरुवारचं?’’

‘‘तुम्ही येणार होता ते.’’

बाईंनी पिशवी खाली ठेवली. मनोज सांगत होता, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. कुसाबाई रविवारी घरी गेली ती हरखूनच. मोठ्या बाई बोलल्या, बघू गुरुवारी. घर बघायला येतात, सगळी मंडळी येती. मीनानं सांगून बघितलं, आई, शहरात ‘बघू’ म्हणजे तसं नसतं. आईला ते पटेना. ‘‘म्हणल्या, एवढी मोठी बाई तुझ्या तोंडासमोर बोलली, माझ्याकडं बघून हसली, ती काय खोटं बोलंल का?’’ आणि मीनालाही कुठंतरी वाटलं, आईचंच खरं निघालं तर? म्हणून तिनं आईला अडवलं नाही.

गावाकडून नवा तांदूळ आणलेला होता, तो काढला. कोंबडा आणलेला होता, तो कापला. शेजाऱ्यांची ताटं मागून आणली. सतरंज्या अंथरल्या. गल्लीत सांगून झालं, आमच्याकडं चर्चची माणसं येणार. शेजारचे नवे कपडे घालून ओट्यावर येऊन बसले. दिवस बुडाला. मग मीनानं फोन लावला. मग पुन्हा लावला.

‘‘मग?’’ बाईंनी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

‘‘मग काय. शेजाऱ्यांना वाढलं. आई काय जेवल्या नाय. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेल्या गावाला.’’ मनोजनं पुढची गोणी ओढली. ‘‘तुम्हाला नसंल जमलं, बाई. कामं असतात.’’

सुवार्ताबाई भाजी न घेताच परतल्या. रिक्षात त्यांना एकच चित्र दिसत होतं. अंथरलेल्या सतरंज्या, ओट्यावर नवे कपडे घालून बसलेली माणसं, आणि त्या वेळी आपण मऊ सोफ्यावर बसून कुणाच्या तरी शब्दावरची मात्रा सुधारत होतो. त्यांना स्वतःची लाज वाटली. डेपोत किती जणांना ‘बघू’ म्हटलं असेल, आणि त्यातल्या किती जणांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं असेल, सुट्टी मिळेल गं, बाई बघू म्हणाल्यात. हा विचार त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि तो आल्यावर चैन पडेना.

संध्याकाळी त्या मीनाकडे गेल्या. घर स्वच्छ, निळ्या रंगाचं, दारात तुळशीच्या जागी जास्वंदीचं झाड. विमलाबाईंचे गुडघे दुखावेत अशी एक पायरीसुद्धा नव्हती. मीनानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

‘‘मीना, येत्या गुरुवारी इथं ठेवू. मी सगळ्यांना सांगते. ज्याला यायचं नसेल त्यानं येऊ नये.’’

मीनानं रिकामा पेला उचलला. ‘‘आता नको बाई.’’

‘‘चुकलं माझं. अगदी चुकलं.’’

‘‘तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण ते आईसाठी होतं. आई म्हणते, ‘माझ्यामुळं गल्लीत तुझं हसं झालं, आता मी तिकडं येत नाय.’ ती नसताना मी कशाला ठेवू?’’

‘‘मग मी जाते आईकडे.’’

मीनानं वर पाहिलं. बाई खरंच जातील की नाही, हे ती अजमावत होती, आणि तसं अजमावायचा तिला पूर्ण हक्क होता. मग तिनं गावाचं नाव सांगितलं, कुठल्या फाट्यावर उतरायचं ते सांगितलं. बरोबर येते असं म्हणाली नाही.

पेठच्या गाडीवर बाईंनी आयुष्यभर माणसं पाठवली. ज्याच्यावर राग असेल त्याला ती गाडी, असा डेपोत समज होता, आणि बाईंनी तो कधी खोडून काढला नव्हता. स्वतः त्या गाडीत त्या आता पहिल्यांदा बसल्या. फाट्यावर उतरून, विचारत विचारत, कापलेल्या खाचरांच्या बांधावरून चालत त्या कुडाच्या भिंतींच्या घरापाशी पोचल्या, तेव्हा कुसाबाई अंगणात नागलीचे दाणे पाखडत होती. तिनं मान वर केली, ओळखलं, आणि सूप टाकून लगबगीनं उठली. बाज टाकली, वर गोधडी अंथरली, तांब्या भरून पाणी आणलं.

बाईंनी एसटीत बसून सगळं जुळवलं होतं, काय बोलायचं, कोणत्या शब्दात बोलायचं. त्यांनी तोंड उघडण्याआधीच कुसाबाईनं हात जोडले.

‘‘माझीच चूक झाली बाई. तुमची शहरातली बोली माला नाय समजली. तुमी काय बोललात न् मी काय धरून बसले. पोरीला खाली बघायला लागलं. तुमालापण उगा बोल लागला. मनात नका ठेवू.’’

ज्या माफीसाठी त्या एवढ्या लांब आल्या होत्या ती समोरची बाईच मागून मोकळी झाली होती. क्षणभर, आणि हे त्यांना पुढे कायम टोचत राहिलं, क्षणभर त्यांना ते घ्यावंसं वाटलं. गैरसमज झाला, बोलीचा फरक, संपलं. सगळ्यांचीच सुटका. तोंडावर आलंही होतं, ‘जाऊ द्या हो, होतं असं.’

‘‘नाही कुसाबाई,’’ त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडाला सवयीचा नव्हता, तो घोगरा निघाला. ‘‘तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही ऐकलंत ते सरळ ऐकलंत. मीच नाही म्हणत होते.’’

‘‘नाय म्हणत होत्या?’’

‘‘हो.’’

‘‘तोंडानं तर हसून बोलल्या, बघू.’’

‘‘तोंडानं बोलले. यायचं नव्हतं. तुम्हाला तसं कळू द्यायचं नव्हतं.’’

कुसाबाई शेजारी जमिनीवर बसली. बाई बाजेवरून उतरून तिच्यासमोर बसल्या. कुसाबाईच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तिथं नुसतं कोडं होतं. ती खरोखरच विचार करत होती.

‘‘का?’’ तिनं विचारलं. ‘‘काय होतं आमच्या घरी?’’

गुरुवारमागून गुरुवार सुवार्ताबाईंनी मोठमोठ्या प्रश्नांना खणखणीत उत्तरं दिली होती. चर्चमध्ये भेद असतो का, कुणामुळे असतो, आपण काय करावं. आता त्यांनी एकेक उत्तर मनात उचलून पाहिलं. घर लांब आहे. ड्युटी असते. कुणाचे गुडघे दुखतात. कुणी ताटाला हात लावणार नाही, मग लेकीलाच वाईट वाटेल. यातलं एकही त्या अंगणात, त्या बाईच्या तोंडाकडे बघून, उच्चारता येत नव्हतं. विहिरीखाली ओंजळ धरून उभ्या असलेल्या आजोबांनी वरच्या माणसाला हेच विचारलं असतं, तर त्यानंही असंच खाली बघितलं असतं का, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांचे डोळे भरले. पण रडणं म्हणजे उत्तर नव्हे, एवढं त्यांना कळत होतं.

शेवटी कुसाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. ‘‘लांबून आल्या. भाकर टाकते,’’ म्हणाली आणि आत गेली.

आतून परातीत पीठ मळल्याचा आवाज येऊ लागला. तो मधूनच थांबायचा. बाईंनी मान वर केली तेव्हा कुसाबाई दाराच्या चौकटीतून त्यांच्याकडेच बघत होती. ती अजून उत्तराची वाट पाहत होती.